गाडी काठोकाठ का भरत नव्हती

मागच्या दिवाळीत लातूरला मामांकडे होते. जेवणं झाली, गच्चीवर सतरंजी टाकली, खालच्या गल्लीत पोरांचे शेवटचे फटाके चालू होते, आणि बोलता बोलता विषय २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यावर आला. आमच्याकडे तो येतोच, कुठूनही येतो. मामा म्हणाले, "ते रेल्वेचं पाणी यायचं बघ, त्या टाक्या पूर्ण भरून कधी आल्याच नाहीत. चांगली पाव टाकी वर मोकळी असायची. तिथं पाइप जोडायला जी पोरं होती त्यातल्या एकानं मला सांगितलेलं." मामी आतून म्हणाली, "जाऊ द्या ओ, आलं तेवढं प्यायलो ना." मामा गप्प बसले. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. रागावले नव्हते ते. आपल्या वाटचं कुणीतरी थोडं काढून घेतलं आणि विचारायची सोय नव्हती, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं, आणि ते इतकी वर्षं तिथंच बसलेलं होतं.

ते माझ्या डोक्यातून जाईना.

त्या उन्हाळ्यात मी इथे अमेरिकेत होते. १२ एप्रिलला पहाटे जलदूत, म्हणजे ती पाण्याची रेल्वेगाडी, पहिल्यांदा लातूरला पोचली तेव्हा इकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, मी सिंकमध्ये भांडी विसळत होते आणि फोनवर मामेबहिणीने पाठवलेला व्हिडिओ चालू होता. मिरजेहून निघालेल्या १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर पाणी, तीनशेचाळीसेक किलोमीटर. स्टेशनवर ही गर्दी, हार, मोबाइल वर धरलेले हात, आणि त्या सगळ्यांच्या मागे ते लांबट गोल डबे, ज्यांच्याकडे एरवी कुणी मान वळवून बघत नाही. आपण फाटकात गाडी थांबवून उभे असतो आणि समोरून एकामागून एक टाक्या जात राहतात, तेव्हा आपण फक्त संपायची वाट बघतो. मी नळ बंद केला. बंद करून काय होणार होतं, मिसिसिपीच्या काठावरचं पाणी मांजऱ्याच्या धरणात थोडीच जाणार होतं, पण चालू ठेवता आला नाही. मामी तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडांना असं करायची, आणि आंघोळ म्हणजे बादलीच्या तळाशी असेल तेवढं. घरातले सगळे ड्रम, हंडे, कळशा, अगदी लग्नात आलेलं मोठं पातेलंसुद्धा अंगणात मांडलेलं असायचं. टँकर आला की त्या सगळ्या भांड्यांचा जो आवाज व्हायचा तो फोनवर इतका मोठा यायचा की आम्ही बोलणं थांबवून तो संपेपर्यंत नुसतं ऐकायचो.

तर दिवाळीहून परत आले आणि नंतरच्या उन्हाळ्यात आम्ही सेंट लुईसच्या रेल्वे म्युझियमला गेलो, नॅशनल म्युझियम ऑफ ट्रान्सपोर्टेशन. मुलाला इंजिनं बघायची होती. तिथे उघड्यावर, रुळांवर, जुने डबे ओळीने उभे आहेत. त्यात एक टँक कार आहे, जीएटीएक्स ९६५००. १९६५ सालची. मी इंजिनापाशी जायच्या ऐवजी तिथेच थांबले, कारण तिचं दुसरं टोक दिसेना. जवळजवळ ९८ फूट लांब. आपल्या वॅगनला चार आस असतात, म्हणजे चाकांच्या चार जोड्या, हिला आठ. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावत चालत गेले, ऊन असल्यामुळे पत्रा चांगलाच तापलेला, तळव्याला रंगाचा भुगा लागत होता, आणि खाली वाकून बघितलं तर पोटाखाली गार सावली आणि खडी. क्षमता ६०,००० गॅलन. म्हणजे सव्वादोन लाख लिटरच्या वर. मी तिथेच उभी राहून मनात भागाकार केला, आणि तो मला करावासा वाटला याचं मला आजही नवल वाटत नाही: जलदूतच्या पहिल्या फेरीचं सगळं पाणी अशा अडीच डब्यांतसुद्धा मावलं नसतं का? आकारमानाने आरामात मावलं असतं. मग आपल्याकडे १० डबे का लागले, आणि तेही म्हणे पूर्ण न भरता?

त्या दिवसापासून मी या टाक्यांच्या मागे लागले. रात्री मुलगा झोपला की वाचत बसायचे.

सुरुवात पेनसिल्व्हेनियात होते. १८५९ साली टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं आणि मग पुढची काही वर्षं सगळ्यात मोठी अडचण तेल काढायची नव्हती, न्यायची होती. लाकडी पिंपं, ४२ गॅलनची, म्हणजे १५९ लिटर. घोडागाड्यांवर चिखलातून ओढत न्यायची, पिंपं गळायची, फुटायची, पिंपाची किंमत वेगळी, भरण्या-उतरवण्याची मजुरी वेगळी. १८६५ मध्ये जेम्स आणि एमॉस डेन्समोर या भावांनी ऑइल क्रीकच्या काठी, मिलर फार्म नावाच्या ठिकाणी, एका सपाट डब्यावर दोन मोठे लाकडी हौद बसवले, एकेकात ४० ते ४५ पिंपं तेल. सप्टेंबरमध्ये तेल न्यूयॉर्कपर्यंत नीट पोचलं, पुढच्या एप्रिलमध्ये पेटंट मिळालं, आणि वर्षभरात असे शेकडो डबे धावायला लागले. (यातला जेम्स पुढे टाइपरायटरच्या मागे पैसा घेऊन उभा राहिला. आज ज्या कीबोर्डवर आपण सगळे बडवतो त्याच्या घराण्यात हे तेलवाले भाऊ आहेत, हे वाचून मी थोडा वेळ माझ्या लॅपटॉपकडेच बघत बसले.)

पण मला त्या जुन्या चित्रात एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटली. ते दोन हौद डब्याच्या मधोमध नाहीत. ते दोन टोकांना आहेत, बरोबर चाकांच्या वर. मध्ये जागा मोकळी सोडलेली आहे. तिथे तिसरा हौद सहज बसला असता! पण सपाट डब्याचा मधला भाग तेवढं वजन पेलणार नाही, म्हणून वजन चाकांवर ठेवलं आणि मधली जागा रिकामी सोडली. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून, या धंद्याच्या जन्माच्याच वेळेस, किती मावतं हा एक हिशेब आणि किती पेलतं हा दुसरा हिशेब असे दोन आहेत, आणि जिंकतो नेहमी दुसरा.

उभे लाकडी हौद फार टिकले नाहीत. वजन वर असल्यामुळे डोलायचे, गळायचे, आग लागली की सगळं संपलं. तीन-चार वर्षांतच लोखंडी, रिव्हेट मारलेली, आडवी टाकी आली, बॉयलरसारखी, आणि तोच आकार आजपर्यंत चालू आहे. तिच्या पाठीवर मधोमध एक घुमट असायचा. जुन्या फोटोंत हा घुमट बघितला की मला वाटायचं झाकण असेल, मान आत घालून बघायला. झाकण त्याच्यावर असतंच, पण घुमटाचं खरं काम वेगळं. तेल उन्हात फुगतं. सकाळी थंडीत काठोकाठ भरलेली टाकी दुपारी वाळवंटातून जाताना आतल्या आत ताणली जाणार, तेव्हा त्या फुगलेल्या तेलाला वर जायला जागा पाहिजे. नियमाने घुमटाचं आकारमान टाकीच्या साधारण २ टक्के असावं लागायचं. पुढे घुमट गेले, पण जागा गेली नाही. टाकीच थोडी मोकळी सोडायची पद्धत आली. भरलेल्या टाकीतली मोकळी जागा ही त्या भरण्याचाच भाग आहे, तिचे तक्ते असतात, ती मोजून सोडतात.

हे वाचताना मामांचा चेहरा आठवत होता. पण २ टक्के म्हणजे पाव टाकी नव्हे.

पुढे आकार वाढत गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ८,००० आणि १०,००० गॅलनच्या गाड्या सगळीकडे, म्हणजे ३० आणि ३८ हजार लिटर. डब्याच्या टोकाला गॅलनचा आकडा रंगवलेला असायचा आणि तो गोल आकडा नसायचा, प्रत्येक टाकी वेगळी मोजलेली, वरचे पन्नास-शंभर गॅलनसुद्धा लिहिलेले. मला हे फार आवडलं. कारखान्यातून एकाच मापाने निघालेल्या टाक्यांना सुद्धा स्वतःचा स्वतःचा आकडा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकच्या किनाऱ्यावर तेलाची जहाजं बुडवायला सुरुवात केली तेव्हा हेच जुनेपाने, मोडीत निघायला आलेले डबे बाहेर काढले, नुसत्या टाक्यांच्याच लांबच लांब गाड्या केल्या, आणि १९४३ मध्ये दिवसाला ८ लाखांहून जास्त पिंपं तेल रुळांवरून पूर्वेकडे जात होतं, पाइपलाइन तयार होईपर्यंत. त्या काळातले फोटो बघताना मला सारखी जलदूत दिसत होती. तहान वेगळी, माल वेगळा, पण घाई तीच, आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं त्या डब्यांकडे अख्खा देश डोळे लावून बसलेला.

मग खरा उलगडा झाला तो ॲसिडच्या डब्यांपाशी. जुन्या फोटोत सल्फ्युरिक ॲसिडची टाकी शेजारच्या पेट्रोलच्या टाकीपेक्षा किती बारकी दिसते! चाकं तितकीच, सांगाडा तितकाच, वर टाकी मात्र लहान, दोन्ही बाजूंना जागा वाया गेल्यासारखी. वाया नाही गेलेली. सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड असतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास. प्रोपेन गॅस द्रव केला तरी लिटरला अर्धा किलो. म्हणून गॅसच्या टाक्या प्रचंड, ॲसिडच्या ठेंगण्या, आणि चाकांवर पडणारा भार जवळपास सारखाच. हेलियमच्या डब्यांचं तर टोकच, जाड पोलादी नळकांड्यांनी भरलेला शंभर टनांहून जड डबा आणि आत माल जेमतेम दीड-एक टन. मामा जन्मभर आडतीत बसले, त्यांना हे एका वाक्यात कळणार होतं: चुरमुऱ्याचं पोतं पोरगंही उचलतं, त्याच पोत्यात तूर भरली की हमाल लागतो.

आणि सेंट लुईसच्या त्या अजस्र डब्याचं काय झालं? तशा गाड्या रुळल्याच नाहीत. एवढा मोठा डबा घसरला, फुटला, तर एकाच ठिकाणी केवढा माल सांडणार. १९७० मध्ये अमेरिकेने नियम केला: टँक कार ३४,५०० गॅलनच्या वर नको, आणि भरलेल्या डब्याचं एकूण वजन २,६३,००० पौंडांच्या वर नको, म्हणजे साधारण ११९ टन. आठ आसांच्या त्या राक्षसाचा निम्म्याच्या जरा वरचा आकार. म्युझियममध्ये मी ज्याच्या लांबीने दिपून गेले होते ते खरं तर थांबवलेल्या वाटेचं शेवटचं स्टेशन होतं. त्याच्याकडे बघून मी आपल्याकडच्या डब्यांना मनात कमी लेखत होते, ते आता होत नाही.

आता आपली वॅगन. फाटकात दिसते तीच, पेट्रोल-डिझेल नेणारी, रेल्वेच्या भाषेत बीटीपीएन. जलदूतसाठी तेलाच्या वॅगनच कोटाच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन आणल्या होत्या. बीटीपीएनच्या टाकीत मावतं साधारण ७० हजार लिटर. रिकाम्या डब्याचं वजन २७ टन. आणि एका आसावर २०.३२ टन भार चालतो, चार आस, म्हणजे सगळं मिळून ८१.२८ टन. त्यातून डब्याचे २७ गेले की मालाला उरतात ५४ टन आणि थोडं. पेट्रोल भरलं तर ७० हजार लिटरचे ५२ टनांच्या आसपास होतात, टाकी जवळजवळ पूर्ण भरते, कारण टाकी त्याच्यासाठीच केलेली. डिझेल भरलं तर ६५ हजारांपाशी थांबावं लागतं. आणि पाणी भरलं तर? लिटरला एक किलो. ५४ हजार लिटरला थांबायचं. त्या वेळच्या बातम्यांत एका वॅगनला ५० ते ५४ हजार लिटर असाच आकडा होता. ७० पैकी ५४. म्हणजे वर पाव टाकीला थोडी कमी एवढी जागा मोकळी.

मामांना सांगणाऱ्या पोराने बरोबर बघितलं होतं.

काठोकाठ भरली असती तर प्रत्येक डबा ९७ टन झाला असता, एकेका आसावर ठरल्यापेक्षा चार टन जास्त, आणि असे ५० डबे एकामागून एक, कारण पुढे २० एप्रिलपासून १० च्या जागी ५० डब्यांची गाडी लागली. पुलांवरून, वळणांवरून, रात्रीची. मी कागदावर हे मांडलं तेव्हा मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. बरं यासाठी की कुणी काही खाल्लं नव्हतं. वाईट यासाठी की तहानेने पाय भाजत स्टेशनवर गेलेल्या माणसाने झाकणातून ती मोकळी जागा बघितली आणि त्याला कुणी हे चार ओळींचं गणित सांगितलं नाही. हार घालायला, फोटो काढायला माणसं होती. ९ फेऱ्या १० डब्यांच्या आणि १०२ फेऱ्या ५० डब्यांच्या, ऑगस्टपर्यंत जवळजवळ २६ कोटी लिटर पाणी, एवढं प्रचंड काम झालं, आणि त्या कामाबद्दल एका घरात इतकी वर्षं संशय राहिला. एकाच घरात असेल असं मला वाटत नाही.

रविवारी मामांना फोन केला आणि सगळं सांगितलं. चुरमुरे आणि तुरीचं सांगितल्यावर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही, स्वतःच हिशेब पुरा केला, "म्हणजे काटा भरला, पोतं नाही भरलं." मग म्हणाले, "हे तेव्हा कुणी बोललं असतं तर काय बिघडलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले की त्यांचे वडील असते तर त्यांना हे लगेच कळलं असतं, कारण ते बार्शी लाईटने माल पाठवायचे आणि त्या छोट्या गाडीत किती पोती घालायची यावरून स्टेशनात रोज वाद व्हायचे.

बार्शी लाईट! हे माझ्या लक्षातच नव्हतं, आणि इथे मी परत एक रात्र वाचत बसले. ज्या वाटेने जलदूत आली, मिरज-पंढरपूर-कुर्डूवाडी-बार्शी-लातूर, ती मुळात नॅरोगेजची, अडीच फुटांची. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली, पहिला तुकडा १८९७ मध्ये, लातूरला ती १९११ मध्ये पोचली, मिरजेला १९२७ मध्ये. आणि काल्थ्रॉपची सगळी अक्कल एकाच गोष्टीत होती: इंजिन असो, डबा असो, मालगाडी असो, कुठल्याही आसावर ५ टनांच्या वर भार नको. म्हणजे मग हलके, दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे रूळ पुरतात, पूल स्वस्त होतात, गरीब मुलखात रेल्वे परवडते. त्याने गाडीच्या आधी भार ठरवला आणि बाकी सगळं त्याच्याभोवती रचलं. त्या हिशेबाने चार आसांचा डबा मालासकट २० टनांचा. जलदूतच्या एका वॅगनचं नुसतं रिकामं वजन त्याहून जास्त! गेज रुंद झालं नसतं, नवीन रूळ पडले नसते, तर २०१६ मध्ये कृष्णेचं पाणी घेऊन ती गाडी लातूरला येऊच शकली नसती, आणि ते रुंदीकरण पूर्ण होऊन तेव्हा फार वर्षंही झाली नव्हती. आमच्या भागातल्या लोकांनी त्या कामासाठी किती निवेदनं दिली, किती वर्षं वाट बघितली, हे घरात ऐकत मोठी झाले आहे. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यापुढे मुंबईची गाडी होती. पाण्याची गाडी कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

चेन्नईलाही २०१९ च्या जुलैमध्ये जोलारपेट्टैहून अशीच गाडी गेली, ५० वॅगन, २५ लाख लिटर. म्हणजे परत डब्याला ५० हजार. आकडा बघून मला आता आत काय आहे ते दिसतं, पाण्याची पातळी दिसते, वरची हवा दिसते, आणि ब्रेक लागल्यावर ते अर्धवट भरलेलं पाणी कसं पुढे धावत जाऊन टोकाला आपटत असेल तेही. ड्रायव्हरला ते पाठीत जाणवत असणार. तिथल्या कुणी मामाने झाकणातून डोकावून बघितलं असेल का, त्याला कुणी सांगितलं असेल का, हे मनात येतंच.

मला एक मनापासून वाटतं. अमेरिकेत न चाललेला प्रयोगसुद्धा त्यांनी रुळांवर जपून ठेवलाय, पोरं त्याला हात लावून बघतात. जलदूतची एक वॅगन लातूर स्टेशनच्या बाहेर कायमची उभी करायला हवी. तिला रंगरंगोटी, पुतळ्यासारखं कठडं वगैरे काही नको, चढून झाकणातून आत बघता येईल अशी एक शिडी पाहिजे. आतल्या भिंतीवर ५४ हजार लिटरपाशी एक रंगीत रेघ मारावी. आणि बाहेर, वॅगनवर असतात तसेच आकडे, जरा मोठ्या अक्षरात: रिकामं वजन २७ टन, भार ५४ टन, पेट्रोल ७० हजार लिटर, पाणी ५४ हजार लिटर. मामांना मी हे बोलले तर म्हणाले, शिडी दोन्ही बाजूंनी ठेवायला सांग, गर्दी होईल.